पहारेकऱ्याने कोणाची वाट पाहावी?

समुद्राशी आमचा तसा संबंधच नाही. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी कारकुनीसाठी माळव्यात आले, तेव्हापासूनच्या पिढ्यांनी पाणी पाहिले ते क्षिप्रेचे आणि फार तर नर्मदेचे. समुद्राचे दर्शन आम्हांला झाले ते बी. ए. झाल्यावर, एका मावसबहिणीच्या लग्नासाठी मुंबईस गेलो तेव्हा. असे असता निवृत्तीनंतर आम्हांला जुन्या लढाऊ जहाजांच्या हकिकती वाचण्याचा नाद लागावा, याचे घरच्यांना नवल वाटते. आम्हांला ओढ आहे ती जहाजांची नव्हे, पहाऱ्याची. राज्य शासनाच्या विक्रीकर खात्यात आमची जी वर्षे गेली, त्यांतली बरीच राज्याच्या सीमेवरील तपासणी नाक्यांवर गेली. पुढे केव्हातरी अमेरिकेच्या यादवी युद्धातील सागरी नाकेबंदीची हकिकत वाचनात आली आणि वाटले, हे तर आपलेच गणगोत!

१९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे ३५०० मैलांचा, आणि प्रत्यक्ष सेवेत असलेली जहाजे चाळीस-बेचाळीस. त्यांतलीही बरीच दूरदूरच्या समुद्रांत विखुरलेली. जाहीरनामा काढण्यास एक सही पुरते. परंतु पाचच वर्षांपूर्वी, १८५६ साली, पॅरिस येथे युरोपातील राष्ट्रांनी असा दंडक घालून घेतला होता की नाकेबंदी इतरांवर बंधनकारक व्हावयाची असेल, तर ती प्रत्यक्षात असली पाहिजे. नुसत्या कागदी नाकेबंदीस कोणीही बांधील नाही. हा नियम आम्हांला कायद्याइतकाच नीतीचाही वाटत आला आहे. ज्याला दुसऱ्याची वाट अडवावयाची आहे, त्याने आपले माणूस तेथे ऊनपावसात उभे केले पाहिजे. राजधानीत बसून हुकूम सोडणाऱ्याला अडवण्याचा अधिकार त्या उभ्या राहिलेल्या माणसामुळे मिळतो.

ही माणसे उभी करण्यासाठी जहाजे हवी होती, आणि तीही ताबडतोब. नौदलमंत्री गिडियन वेल्स यांच्या खात्याने एकाच नमुन्याच्या २३ लाकडी गनबोटी खाजगी कारखानदारांकडून बांधवून घेतल्या. त्या इतक्या झपाट्याने झाल्या की त्यांना 'नव्वद दिवसांच्या गनबोटी' असेच नाव पडले. त्यांतली पहिली 'युनाडिला'. न्यूयॉर्क येथे १७ ऑगस्ट १८६१ रोजी ती पाण्यात उतरली आणि ३० सप्टेंबरला सेवेत रुजू झाली. घाईत लाकूड पुरते वाळूही दिले नव्हते. आमच्या आजोबांनी असल्या ओल्या लाकडाची साधी दाराची चौकटही बसवू दिली नसती. लांबी सुमारे १५८ फूट, रुंदी २८ फूट, दोन डोलकाठ्या, वाफेवर फिरणारा पंखा, वेग ताशी जेमतेम १० सागरी मैल. मध्यभागी चहूकडे वळवता येणारी ११ इंची डालग्रेन तोफ, शिवाय एक मध्यम आणि दोन लहान तोफा. शंभराच्या आसपास माणसे. उथळ खाड्यांच्या तोंडाशी उभे राहता यावे, म्हणून तळ फार खोल ठेवला नव्हता.

या नौकेची नोकरीची हकिकत सांगावयाची तर ती पाच-सहा ओळींत संपते. ७ नोव्हेंबर १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातील पोर्ट रॉयलच्या लढाईत ती होती. पुढे त्या राज्याच्या आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पहारा. ४ ऑगस्ट १८६२ रोजी तिने सव्हाना बंदराकडे निघालेली 'लोडोना' ही इंग्रज आगबोट पकडली. जानेवारी १८६३ च्या अखेरीस चार्ल्सटनबाहेर 'प्रिन्सेस रॉयल' ही आगबोट पकडण्यात तिचा मोठा वाटा होता. त्या आगबोटीवर व्हिटवर्थ तोफा आणि चिलखती जहाजांसाठी आणलेली यंत्रे सापडली. डिसेंबर १८६४ व जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशरवरील दोन्ही हल्ल्यांत ती होती. युद्ध संपल्यावर पूर्वेकडच्या समुद्रांत तिची रवानगी झाली आणि १८६९ साली ती हाँगकाँग येथे विकून टाकण्यात आली. सेवापुस्तकात नोंदण्याजोगे एवढेच.

मग उरलेले दिवस? आमचा विषय ते दिवसच आहेत. नाकेबंदीवरच्या जहाजाचे आयुष्य म्हणजे नांगर टाकून किंवा मंद वाफेवर किनाऱ्याकडे पाहत राहणे. रात्री दिवे मालवलेले. भट्टी कायम तापती ठेवावयाची, कारण पाठलागाची वेळ आली तर वाफ तयार हवी. कोळसा संपत आला की पोर्ट रॉयलला जाऊन भरून आणावयाचा आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहावयाचे. समोरच्यांनी जहाजे राखी रंगाने रंगवलेली, बुटकी धुराडी, धूर कमी करणारा कोळसा. ती निघत अमावास्येच्या आसपास, भरतीची वेळ साधून. म्हणजे पहारेकऱ्याने ज्या रात्री काहीच दिसत नाही, नेमके त्याच रात्री डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे! आणि पहाऱ्याचे फळ कोणते? काही न घडणे. जे जहाज नाकेबंदीच्या भीतीने बहामातील नॅसाऊहून निघालेच नाही, ते कोणत्याही नोंदवहीत येत नाही. आतबाहेर करू पाहणाऱ्या आगबोटींपैकी बहुसंख्य निसटून गेल्या, म्हणून ही नाकेबंदी फोल होती असे म्हणणारे अभ्यासक आहेत. परंतु युद्धापूर्वीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून कापसाच्या सुमारे १ कोटी गाठी बाहेर गेल्या होत्या आणि नाकेबंदीच्या काळात त्या ५ लाखांच्या आसपास उतरल्या, हेही तितकेच खरे. (प्रारंभी दक्षिणेने इंग्लंडला नमवण्यासाठी कापूस आपणहून अडवून ठेवला होता, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) निघालीच नाहीत अशा जहाजांचे श्रेय 'युनाडिला'च्या खलाशांना कोणी दिले नाही, आणि देता येण्यासारखेही नव्हते.

गीतेतला फलाशेचा त्याग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इतर कामांत फळ दिसते आणि ते सोडावयाचे असते. पहाऱ्याच्या कामात सोडण्यापुरतेही ते दिसत नाही. निष्काम कर्माचा याहून शुद्ध नमुना शोधून सापडणार नाही, असे प्रथम आम्हांला वाटले होते. पण सरकार नावाच्या वस्तूला निष्काम माणूस परवडत नाही. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पकडलेले जहाज खास न्यायालयापुढे जाई, त्याचा व मालाचा लिलाव होई, आणि सामान्यतः निम्मी रक्कम सरकारास व निम्मी पकडणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्यांस व खलाशांस हुद्द्याप्रमाणे मिळे. निशाणाच्या खुणा दिसतील इतक्या टापूत असलेल्या इतर जहाजांनाही वाटा असे. 'लोडोना' आणि 'प्रिन्सेस रॉयल' दोन्ही अशा लिलावात नौदलानेच विकत घेतल्या आणि त्यांनाच पहाऱ्यावर उभे केले. चोराला पकडून शिपाई करावे, असला हा प्रकार!

आता त्या खलाशाच्या जागी उभे राहून पाहावे. पगार बेताचा, खाणे खारवलेल्या मांसाचे, उन्हाळ्यात डासांचा ताप. महिनोन्महिने काही घडत नाही. अशा वेळी काळोखात एखादी राखी आकृती हलली, तर त्याच्या मनात काय उमटत असेल? हुकुमाप्रमाणे त्याची इच्छा अशी असावयास हवी की कोणीही येऊ नये. परंतु त्याचे सगळे सुख कोणीतरी यावे यात साठलेले. चोरी थांबवण्यासाठी ठेवलेला माणूस चोराची वाट पाहू लागतो. असे झाले म्हणजे तो कर्तव्य करीत नाही असे म्हणता येत नाही, उलट अधिकच डोळसपणे करतो. तरीही त्याच्या अंतःकरणात काहीतरी उलटे फिरलेले असते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १९९० नंतरच्या दशकातली गोष्ट. आम्ही दक्षिण सीमेवरच्या एका नाक्यावर होतो. आमच्या खात्यात पकडबक्षीस नव्हते, परंतु दरमहा दंडवसुलीचा आकडा वर जात असे, आणि त्या आकड्यावर शाबासकी, बदली, गोपनीय अहवालातला शेरा, सर्व काही अवलंबून असे. जो नाका नीट चाले तेथे व्यापारी कागदपत्रे नीट ठेवीत, आणि म्हणून आकडा कमी येई. म्हणजे काम चांगले झाले की ते वाईट दिसे! जानेवारीतल्या एका महिनाअखेरीस आमचा आकडा पडला होता. रात्री दोनच्या सुमारास बुऱ्हाणपूरकडे सूत घेऊन निघालेला एक ट्रक आला. सुताच्या पोत्यांची पावती बरोबर, वजन बरोबर; मालाचे घोषणापत्र मात्र नव्हते. ड्रायव्हर सांगत होता की ते पाठवणाऱ्याच्या कचेरीत राहिले. तो खरे बोलत असावा असे आम्हांला तेव्हाही वाटले होते. नियम मात्र स्पष्ट होता. ट्रक उभा केला. चौथ्या दिवशी दंड भरला गेला आणि तो सुटला. आकडा भरून निघाला. त्या रात्री ट्रकचे दिवे वळणावर दिसले तेव्हा आम्हांला आनंद झाला होता, कागदपत्रे पाहण्यापूर्वीच. हे आजवर कोणापाशी बोललो नव्हतो.

सहा-सात महिन्यांनी वेगळ्याच कामानिमित्त बुऱ्हाणपुरास गेलो असता एका यंत्रमाग कारागिराशी बोलणे निघाले. बोलता बोलता तो म्हणाला, "साहेब, जानेवारीत नाक्यावर सूत अडकले, चार दिवस माग बंद होते. आमची मजुरी वारावर मिळते." त्याला आमचा राग नव्हता. नाक्यावर कोण होते हेही त्याला ठाऊक नव्हते, आणि आम्हीही सांगितले नाही. नियम चुकीचा नव्हता, आमची कृतीही नियमाबाहेरची नव्हती, अपिलात ती टिकलीही असती. मग बोच कशाची? पुष्कळ वर्षे आम्हांला वाटे, की आपल्यामुळे एका गरिबाचे चार दिवस बुडाले याची. आता वाटते, ती बोच त्या दिव्यांकडे पाहून झालेल्या आनंदाची आहे. कर्तव्य करताना कोणाचे तरी नुकसान होणे टळत नाही. त्या कर्तव्याची संधी मिळावी म्हणून कोणीतरी चुकावे असे मनोमन वाटणे, हे मात्र टळण्यासारखे होते.

'युनाडिला'च्या खलाशांनाही त्यांचे यंत्रमाग दिसत नव्हते. ते होते इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात. अमेरिकेचा कापूस थांबला आणि तिथल्या गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख माणसे धर्मादायावर जगत होती. साउथ कॅरोलिनाच्या खाडीत नांगरून पडलेल्या लाकडी नौकेने हजारो मैलांवरच्या चुली विझवल्या होत्या. यानंतर घडलेली गोष्ट आम्हांला या सर्व इतिहासातली सर्वांत अवघड वाटते. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. गुलामगिरी नष्ट होणार असेल, तर तुमची नाकेबंदी आम्ही सोसू, असा त्याचा आशय. लिंकन यांनी जानेवारीत उत्तर देऊन त्यांच्या त्यागाचा गौरव केला. सगळे लँकेशायर या मताचे नव्हते. दक्षिणेची बाजू घेणारी गावेही तेथे होती. तरीही, ज्यांची वाट अडली त्यांतल्या काहींनी अडवणाऱ्याला मान्यता दिली, असे उदाहरण जगात क्वचितच मिळेल. बुऱ्हाणपूरच्या त्या कारागिराकडे असली संमती आम्ही कोणत्या तोंडाने मागितली असती? आमच्या बाजूला मोठे कार्य नव्हते, महिनाअखेर होती.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या मुंबईत काय चालले होते, हेही वाचकांस ठाऊक असेलच. इंग्लंडला कापूस हवा होता म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांचे राज्य झाले, बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीचे शेअर गगनाला भिडले. अमेरिकेतले युद्ध लांबावे अशी मनापासून इच्छा करणारी माणसे जगात कोठे सापडली असती, तर ती कापूस-बाजारात. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली; ती बातमी येऊ लागताच भाव कोसळले आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. राजाबाई टॉवरकडे पाहताना आम्हांला नेहमी वाटते, की या दगडांत दुसऱ्याच्या नाकेबंदीचाही थोडा चुना आहे. तेव्हाच्या मुंबईकरांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र, ट्रकच्या दिव्यांची गोष्ट सांगितल्यावर, आमच्यापाशी उरत नाही.

नाकेबंदीच्या आत असलेल्यांचे हाल आणखी वेगळे होते. मीठ महागले. औषधेही निषिद्ध मालात मोडत, क्विनीनसुद्धा. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंड शहरात भुकेल्या बायकांनी भाकरीसाठी दंगा केला. त्याच वेळी नाकेबंदी फोडून येणारी जहाजे रेशीम आणि ब्रँडीही आणीत होती, कारण त्यांत नफा अधिक. शेवटी १८६४ च्या आरंभी दक्षिणेच्याच सरकारला चैनीच्या मालाची आयात कायद्याने बंद करावी लागली. म्हणजे पहारा गाळत होता तो गरिबाचा घास, आणि श्रीमंताची बाटली वाट काढून येतच होती. हा अनुभव नाक्यावर काम केलेल्या कोणासही नवा नाही. पट्टीचा करबुडवा आमच्या हाती क्वचितच लागे. सापडे तो घोषणापत्र विसरलेला.

परंतु चित्राला दुसरी बाजूही आहे. त्या किनाऱ्यावर लक्षावधी माणसे गुलामीत होती, आणि त्यांच्या दृष्टीने बाहेर उभी असलेली गनबोट ही बंद दार नव्हे, उघडे दार होती. वेल्स यांनी २५ सप्टेंबर १८६१ रोजी, म्हणजे 'युनाडिला' सेवेत येण्याच्या अवघ्या पाच दिवस आधी, पळून आलेल्या गुलामांना नौदलात भरती करण्याची परवानगी दिली. हुद्दा मात्र सर्वांत खालचा, महिना १० डॉलर. १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरात रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या गुलाम सुकाणूदाराने, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले पाहून, 'प्लँटर' ही आगबोट हाकारली. बायकामुलांना व सोबत्यांना बरोबर घेऊन, कप्तानाची टोपी घालून, किल्ल्यांना नेहमीचे इशारे देत तो बाहेर पडला आणि पांढरी चादर फडकवत नाकेबंदीवरील 'ऑनवर्ड' या जहाजापाशी पोहोचला. त्या जहाजावरचा पहारेकरी तोफ डागण्याच्या बेतात होता. तोफ डागली गेली नाही, एवढ्यावर पुढचे सर्व अवलंबून. स्मॉल्स पुढे अमेरिकेच्या संसदेचा सभासद झाला.

आपल्याकडे हिरकणीची कथा आहे. सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे मिटले; पहारेकरी उघडीनात; तान्ह्या लेकरासाठी ती माउली कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला, तेथे बुरूज बांधला, असे परंपरा सांगते. त्या दरवाजावरच्या पहारेकऱ्यांचे काय झाले, हे कथेत कोणी विचारीत नाही. त्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी दार उघडले असते तर गडाचा नियम मोडला असता. आमची कल्पना अशी, की महाराजांनी त्यांनाही दोष दिला नसेल. मात्र तिला नाही म्हणताना त्यांना कसे वाटले होते, एवढे एकदा विचारले असेल.

'युनाडिला'चा पहिला कप्तान नेपोलियन कॉलिन्स याची पुढची हकिकत सांगून थांबतो. ऑक्टोबर १८६४ मध्ये तो 'वाचुसेट' या दुसऱ्या लढाऊ जहाजावर होता. दक्षिणेचे कुप्रसिद्ध जहाज 'फ्लोरिडा' ब्राझीलमधील बाहिया बंदरात नांगरलेले त्याला आढळले. बंदर तटस्थ देशाचे; तेथे हात उगारण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याची बंदी. कॉलिन्सने पहाटेपूर्वीच्या अंधारात 'फ्लोरिडा'ला धडक दिली आणि बंदरातून ओढून नेले. ब्राझीलने निषेध केला. लष्करी न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. आपण हे लोकहितासाठी केले, एवढेच बचाव म्हणून नोंदवून घ्यावे अशी विनंती केली. शिक्षा झाली बडतर्फीची. वेल्स यांनी ती अमलात आणली नाही, आणि पुढे तो रिअर ॲडमिरल होऊन मरण पावला.

इतकी वर्षे दुसऱ्यांना हद्द ओलांडू न देण्याचे काम करणारा माणूस शेवटी स्वतः हद्द ओलांडून शिकार करून आला, आणि सरकारने डोळे मिटून घेतले. तो लोकहितासाठी हे सांगत होता तेव्हा खोटे बोलत नसावा. आम्हीही त्या जानेवारीत दंडाच्या पावतीवर सही करताना खोटे काही लिहिले नव्हते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे ते नाके उठले. दोन वर्षांपूर्वी नातवाला घेऊन त्या रस्त्याने जात होतो. खोलीचे छप्पर गेले आहे, अडसराचा खांब मात्र उभा आहे. वळणावरून ट्रक येत होते. कोणीही थांबवीत नव्हते, तरी त्यांतल्या एका जुन्या ड्रायव्हरने, सवयीने असेल, त्या जागी येताच वेग कमी केला.